ओढ कोणाची, ओझे कोणाचे?

७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या तिबेटकडच्या अंगाला, नॉर्थ कोल या खिंडीखालच्या उतारावरून सतरा माणसे चढत होती. त्यांत तीन ब्रिटिश गिर्यारोहक होते आणि चौदा भारवाहक. शिखराचे आधीचे दोन प्रयत्न फसले होते, पावसाळा तोंडावर आला होता आणि उतारावर ताजा बर्फ साचला होता; तरीही तिसऱ्यांदा चढायचे ठरले. बर्फाचा थर सुटला आणि सात भारवाहक त्याखाली गेले. जॉर्ज मॅलरी व त्याचे दोन्ही ब्रिटिश सोबती वाचले. पुढे १८ एप्रिल २०१४ रोजी, याच पर्वताच्या नेपाळकडच्या बाजूला, खुंबू आइसफॉलवर हिमकडा कोसळून सोळा माणसे गेली. सगळे नेपाळी कामगार, त्यांतही बहुतेक शेर्पा. परदेशी गिर्यारोहक त्यांत एकही नव्हता. मधल्या ब्याण्णव वर्षांत दोर, बूट, प्राणवायूची नळकांडी, हवामानाचे अंदाज, सगळे बदलले. मरणाची वाटणी मात्र तशीच राहिली. हिमालयात उंचीची ओढ एकाची आणि तिचा धोका दुसऱ्याचा, अशी विभागणी पहिल्यापासून झाली आणि ती निसर्गाने नव्हे, माणसांच्या व्यवहाराने केली, असे माझे म्हणणे आहे.

हा व्यवहार कसा उभा राहिला ते पाहिले पाहिजे. सोलुखुंबूतले शेर्पा शेती करत, याक पाळत आणि नांगपा ला ही खिंड ओलांडून तिबेटशी व्यापार करत. शिखर ही त्यांच्या लेखी देवतेची जागा. तिच्या माथ्यावर पाय ठेवण्याची चाल त्यांच्यात नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दार्जिलिंग वाढू लागले तेव्हा कामासाठी ते तिकडे येऊ लागले. अलेक्झांडर केलास या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १९०७ पासून सिक्कीमच्या डोंगरांत त्यांना सोबत नेले आणि उंचीवरची त्यांची ताकद जगापुढे आणली. १९२१ पासून एव्हरेस्टच्या मोहिमा दार्जिलिंगहून माणसे घेऊ लागल्या. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन क्लबने भारवाहकांची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि पुढे निवडक शेर्पांना ‘टायगर’ बिल्ला दिला. १९५९ नंतर तिबेटशी होणारा पिढीजात व्यापार आटला, तेव्हा खुंबूतल्या अनेक घरांना मोहिमांच्या मजुरीचाच आधार उरला.

या कामातला धोका धैर्यापेक्षा फेऱ्यांवर अवलंबून असतो. आइसफॉल ही सतत सरकणारी, तडकणारी हिमनदी आहे. तिथला कडा कधी कोसळेल हे निष्णात माणसालाही सांगता येत नाही. म्हणून त्या पट्ट्यात जो जास्त वेळा जाईल, त्याच्यावर प्रसंग ओढवण्याचा संभव जास्त. मोहिमेतला पाहुणा सदस्य तिथून मोजक्या वेळा जातो. शिड्या बसवणारे, दोर लावणारे, तंबू, अन्न आणि नळकांडी वरच्या तळांवर पोहोचवणारे त्याहून कितीतरी अधिक वेळा ये-जा करतात. पाहुण्याची सुरक्षितता वाढवणारी प्रत्येक सोय, मग ते जादा नळकांडे असो वा उबदार तंबू, कोणाच्या तरी पाठीवरून त्याच पट्ट्यातून वर जाते. १९७० मध्ये जपानी स्की मोहिमेचे सहा शेर्पा आइसफॉलमध्ये एकाच वेळी गेले, तेही सामान वाहण्याच्या कामावर असतानाच.

यावर कोणी म्हणेल की पर्वताने साहेबांनाही सोडले नाही. हे खरेच आहे. १९२४ मध्ये मॅलरी आणि त्याचा सोबती अर्विन एव्हरेस्टवरून परतले नाहीत. १९३७ मध्ये नंगा पर्वतावर एका रात्रीत सात जर्मन आणि नऊ शेर्पा गाडले गेले. पण हे मरण साहेबांनी स्वतःच्या ध्यासापायी ओढवून घेतले होते, आणि त्याबद्दल इतिहासाने त्यांना भरभरून कीर्ती दिली. १९३४ मध्ये त्याच नंगा पर्वतावर गेलय नावाचा शेर्पा खाली उतरण्याऐवजी आपल्या थकलेल्या नेत्याजवळ, विली मेर्क्लजवळ थांबला आणि त्याच्यासोबतच मेला. १९३९ मध्ये के-टूवर अडकलेल्या डडली वुल्फला आणायला पासांग किकुली, पासांग कितार आणि फिन्सू पुन्हा वर गेले; चौघांपैकी एकही परतला नाही. या शेर्पांना त्या शिखरांची ओढ नव्हती. त्यांनी माणसासाठी जीव दिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेर्पांनी हे काम स्वखुशीने पत्करले, त्यातून पैसा आला, घरे उभी राहिली, मुले शिकली. मग तक्रार कसली? या कामाने खुंबूची गरिबी हटवली हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि मोहिमा बंद कराव्यात असेही मी म्हणत नाही. पण मजुरी दिली म्हणजे जबाबदारी संपत नाही. २०१४ च्या दुर्घटनेनंतर सरकारने मृतांच्या कुटुंबांना तातडीची मदत म्हणून ४० हजार नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा शेर्पांनी काम थांबवले आणि नेपाळच्या बाजूचा तो हंगाम जवळपास संपला. विम्याची किमान रक्कम १० लाखांवरून १५ लाख नेपाळी रुपयांवर गेली ती या दबावामुळे. जे स्वखुशीने काम करतात, तेच त्याच्या अटीही मागू शकतात. आणि ओढ ही काही परक्यांचीच मालमत्ता नाही. १९५३ मध्ये हिलरीसोबत शिखरावर पोहोचण्याआधी तेनसिंग नोर्गे एव्हरेस्टच्या सहा मोहिमांत होता. त्याला शिखर हवे होते. १६ जानेवारी २०२१ रोजी दहा नेपाळी गिर्यारोहक भर हिवाळ्यात के-टूच्या माथ्यावर पोहोचले, तेव्हा ओढ आणि धोका दोन्ही एकाच माणसाचे झाले. धोका टाळता येत नसेल, तरी तो असा न्याय्य होऊ शकतो.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. हिमालयन क्लबचे मुख्य कार्यालय आज मुंबईत आहे. २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, आणि सह्याद्रीतून हिमालयाकडे निघणारी तरुण मंडळी दरवर्षी वाढते आहे. त्यांना माझी विनंती एवढीच: मोहिमेचा खर्च मांडताना शेर्पांचा विमा आणि त्यांच्या फेऱ्यांची संख्या आधी ठरवा, आणि परतल्यावर लिहाल तेव्हा ज्यांनी दोर लावले त्यांची नावे चढणाऱ्यांच्याच यादीत, त्याच ओळीत लिहा.