६१ वर्षांनी एक मॅच

मुंबईने भारताच्या फुटबॉल संघाला १९५५ साली घरच्या मैदानावर पाहिलं, आणि त्यानंतर थेट २०१६ साली. मधे ६१ वर्षं काहीच नाही. हे कुणालाही सांगितलं की समोरचा आधी "काहीतरीच काय!" म्हणतो, मग मनातल्या मनात आठवायला लागतो आणि गप्प होतो. वानखेडेवर कोण कोण खेळून गेलं ते त्याला तोंडपाठ असतं. फुटबॉलची मात्र एकही मॅच आठवत नाही. आठवणार कुठून? झालीच नव्हती!

आता कुणी म्हणेल की मुंबईला फुटबॉलचं वावडंच होतं. पण तसं मुळीच नाही, मंडळी. इथली रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ सालची, म्हणजे कोलकात्याच्या आयएफए शील्डपेक्षाही दोन वर्षं जुनी. सुरुवातीला ती गोऱ्या पलटणींचीच होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली आणि पहिल्यांदा करंडक भारतीय संघाच्या हाती आला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो कुणाला सोडला नाही. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच भारताच्या संघाचेही प्रशिक्षक. म्हणजे देशातलं उत्तम फुटबॉल दरवर्षी कूपरेजवर चालून यायचं आणि मुंबईकर ते पाहायचे.

अशा शहरात १९५५ साली सोव्हिएत युनियनचा संघ आला. भारत ०-३ असा हरला. पुढच्याच वर्षी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकलं आणि भारत चौथा आला! म्हणजे कूपरेजच्या प्रेक्षकांनी दोन साधेसुधे संघ पाहिले नव्हते. त्याच मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असं हरवलं, ते नेव्हिल डिसोझाच्या हॅट्‌ट्रिकमुळे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅट्‌ट्रिक. हा नेव्हिल मूळचा गोव्याचा, पण खेळायचा मुंबईत, टाटांच्या संघातून. १९६२ साली जकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघातला फॉर्च्युनाटो फ्रँकोसुद्धा गोव्याचा आणि टाटांचाच.

आमच्या थोरल्या काकांनी १९५५ची ती मॅच पाहिली होती. तेव्हा ते चौदा वर्षांचे. गिरगावातून चाळीतल्या मुलांबरोबर चालत कूपरेजला गेले होते. आपण तीन गोल खाल्ले याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. "अरे, ते लोक बॉलकडे न बघता पास द्यायचे," एवढंच ते दर वेळी सांगत. पण पुढे? माझे वडील काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांना अशी मॅच मिळाली नाही. आम्हा भावंडांनाही नाही. काकांकडे आठवण होती, पण आम्हाला घेऊन जायला मॅचच नव्हती.

हे असं का झालं? मुंबईचं फुटबॉल बरंचसं कंपन्यांच्या आणि गिरण्यांच्या जिवावर चालायचं. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्रा... चांगला खेळणाऱ्या पोराला तिथे नोकरी मिळायची आणि संध्याकाळी प्रॅक्टिस. कंपन्यांनी एकेक करून हात आखडता घेतला. रोव्हर्स कप २००१च्या सुमारास बंद पडला. राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेडही २०१० साली बंद झाला. राष्ट्रीय संघाचे सामने कोलकाता, गोवा, दिल्ली अशा ठिकाणी होत राहिले. आणि क्रिकेटवेड्या या शहरात कुणाला काही चुकल्यासारखंही वाटलं नाही.

म्हणूनच ३ सप्टेंबर २०१६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात भारत विरुद्ध पोर्टो रिको अशी मॅच होणार हे कळल्यावर मी भाच्याला घेऊन गेलोच. शनिवार, आणि सोमवारी गणपती. त्यामुळे आझादनगर स्टेशनवर उतरलो तेव्हा एकाच्या हातात मखराचं सामान तर दुसऱ्याच्या गालावर तिरंगा असा सगळा प्रकार होता! पोर्टो रिको नकाशात नेमकं कुठे, यावर रांगेत एक छोटी चर्चाही झाली. पण फिफाच्या यादीत ते ११४वे होते आणि आपण १५२वे, हे मात्र भाच्याला पक्कं ठाऊक होतं.

सुरुवातीलाच त्यांना पेनल्टी मिळाली आणि ०-१. त्या दिवशीचा आपला कर्णधार म्हणजे गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू. त्याने बॉल जाळ्यातून काढून परत फेकला. मला वाटलं, संपलं. पण नारायण दासने बरोबरी साधली, मग सुनील छेत्री, मग जेजे. मध्यंतरालाच ३-१! उत्तरार्धात जॅकीचंदने चौथा मारला. आजूबाजूच्या बऱ्याच जणांना केव्हा ओरडायचं तेच नीट कळत नव्हतं. चौकार मारल्यासारख्या टाळ्या पडत होत्या. मला ते हास्यास्पद वाटलं नाही. शिकवणार कोण होतं त्यांना? ज्यांना येत होतं ते काकांच्या वयाचे झाले होते.

त्यानंतर मॅचेस येत राहिल्या. २०१७ साली इथे नेपाळ आला, मॉरिशस आला. आणि १ जून २०१८ रोजी याच मैदानात भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं तेव्हा प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक व्हिडिओ टाकून लोकांना विनवलं, की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनला, केनियाविरुद्धच्या त्याच्या शंभराव्या मॅचला, भर पावसात स्टेडियम भरलं.

लोक तेव्हा त्या व्हिडिओचं कौतुक करत होते. मला मात्र वाईट वाटलं. कर्णधाराला हात जोडावे लागतात, कारण एरवी जे काम घरातला काका-मामा करतो, ते करणाराच कुणी उरलेला नसतो. खेळाची गोडी टीव्हीवर लागते, नाही असं नाही. पण मैदानात जायची सवय हात धरूनच लागते, आणि हात धरणारी एक पिढी मधेच गळली की पुढच्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. "दुर्मिळ मॅच पाहिली" म्हणून मीही थोडा मिरवलो, खोटं कशाला बोलू! पण खेळ दुर्मिळ असणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हे.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी १९५५च्या कूपरेजची आठवण सांगणारं कुणी असेल, तर त्यांना जरूर विचारा आणि लिहून ठेवा. अशी माणसं आता फार उरलेली नाहीत.