दूरसंदेशवहन संशोधन समिती, अमेरिका
अमेरिकेतील दूरसंदेशवहनविषयक संशोधनाच्या स्थितीची पाहणी करून उपाय सुचविण्यासाठी तेथील नॅशनल रिसर्च कौन्सिल या संस्थेने नेमलेली तज्ज्ञ समिती. अध्यक्ष रॉबर्ट लकी. अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील बहुतांश दूरध्वनी सेवा अनेक दशके एटी अँड टी या एकाच कंपनीच्या ताब्यात होती. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या तिच्या बेल प्रयोगशाळांचा खर्च अखेरीस दूरध्वनीच्या आकारातूनच भागविला जाई. त्यामुळे तात्काळ नफ्याची अपेक्षा न ठेवता दीर्घकालीन संशोधन करणे शक्य झाले. ट्रँझिस्टर (१९४७) व क्लॉड शॅनन यांचा माहिती सिद्धांत (१९४८) ही त्याचीच फळे होत. सरकारने १९७४ मध्ये मक्तेदारीविरुद्ध दावा दाखल केला. १९८२ च्या तडजोडीनुसार १ जानेवारी १९८४ पासून स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेल्या. त्यांच्यासाठी स्थापिलेली बेलकोर ही सामायिक संशोधन संस्थाही पुढे विकली गेली, तर बेल प्रयोगशाळांचा मोठा भाग १९९६ मध्ये ल्यूसेंट या नव्या कंपनीकडे आला. स्पर्धेमुळे ग्राहकांचा लाभ झाला. परंतु सर्वांना उपयोगी पडणाऱ्या मूलभूत संशोधनाचा भार एकट्याने उचलण्याचे कारण कोणत्याही कंपनीला उरले नाही.

कार्यपद्धती : अशा समित्यांचे सदस्य मानधन न घेता काम करतात. उद्योग, विद्यापीठे व शासन यांतील तज्ज्ञांना पाचारण करून त्यांची निवेदने ऐकली जातात व त्यांना प्रश्न विचारले जातात. या बैठका सामान्यतः जनतेस खुल्या असतात. निष्कर्षांवरील चर्चा मात्र गोपनीय असते. समितीबाहेरील तज्ज्ञांनी परीक्षण केल्यानंतरच अहवाल प्रसिद्ध होतो. निवेदन करणारा तज्ज्ञ बहुधा संबंधित क्षेत्रातीलच असल्याने त्याचे ज्ञान व हितसंबंध वेगळे करणे कठीण असते. म्हणूनच परस्परभिन्न बाजूंची निवेदने पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष : उद्योगांतील संशोधन अल्पकालीन उद्दिष्टांकडे झुकले असून शासकीय साहाय्याने ही उणीव भरून निघालेली नाही, असे समितीस आढळले. शासन, विद्यापीठे व उद्योग यांना एकत्र आणणारी प्रगत दूरसंदेशवहन संशोधन यंत्रणा स्थापन करण्याची शिफारस तिने केली. अशी स्वतंत्र यंत्रणा प्रत्यक्षात आली नाही. तथापि मक्तेदारी मोडल्यानंतर तिच्या आश्रयाने वाढलेल्या संशोधनाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न या अहवालाने स्पष्टपणे मांडला.