जांभळ्या चट्ट्याची दीडशे वर्षे

आपण 1869 सालच्या लंडनपासून निघू. जोनाथन हचिन्सन या शल्यविशारदांकडे कोळशाच्या धक्क्यावर काम करणारा 58 वर्षांचा मजूर आला. त्याच्या हातापायांवर जांभळट, किंचित उंचवट्याचे चट्टे होते. त्याला गाउटही होता, म्हणून हचिन्सन यांनी चट्ट्यांचे मूळ तिथेच शोधले. त्याच वर्षी ते क्रिस्टियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला गेले आणि तिथे कार्ल विल्हेल्म बोक यांच्याकडे त्यांना तशाच चट्ट्यांचे चित्र दिसले. हे बोक म्हणजे 1847 मध्ये डॅनिएल्सन यांच्यासह कुष्ठरोगावर पायाभूत ग्रंथ लिहिणारे वैद्य.   मजुराची हकिगत हचिन्सन यांनी 1877 मध्ये छापली आणि सार्कॉइडोसिस या त्वचेसह अनेक अवयवांत पेशींचे पुंजके जमणाऱ्या आजाराची पहिली नोंद म्हणून आज आपण तिच्याकडेच बोट दाखवतो.

पुढची पावले पॅरिसमध्ये पडली. एर्नेस्ट बेनिए यांनी 1889 मध्ये नाक, कान आणि बोटांवर जांभळी सूज आलेला रुग्ण वर्णिला. थंडीने कातडी सुजते तशी ती दिसत होती. या प्रकाराला त्यांनी ल्युपस पर्निओ म्हटले. तीनच वर्षांनी तेनेसाँ यांनी अशा चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना क्षयाच्या गाठींशी नाते सांगणाऱ्या पेशींचे पुंजके दिसले. मग 1899 मध्ये थोरल्या बोक यांचे पुतणे सीझर बोक यांनी अंगावर गाठी आणि फुगलेल्या लसिकाग्रंथी असलेल्या एका पोलीस शिपायाची हकिगत प्रसिद्ध केली. पेशींची रचना त्यांना सार्कोमाची आठवण करून देणारी वाटली, पण रोगाची चाल त्या कर्करोगासारखी नव्हती. म्हणून त्यांनी या गाठींना 'सौम्य' ठरवले. आजाराच्या भवितव्याविषयीचा हा पहिला मोठा निवाडा होता, आणि तो मुख्यतः त्वचा पाहून दिलेला होता. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत दूरगामी शब्द म्हणजे हा 'सौम्य'. आत फुप्फुसात, डोळ्यांत, हृदयात काय चालले आहे ते पाहण्याची साधने तेव्हा जेमतेम जन्मत होती.

स्वीडनचे यॉर्गेन शाउमान यांनी ते आतले चित्र जुळवले. बेनिए यांची सूज आणि बोक यांच्या गाठी ही एकाच सर्वांगीण आजाराची रूपे आहेत, असे त्यांनी 1914 मध्ये एका फ्रेंच पारितोषिकासाठी लिहिलेल्या निबंधात मांडले. तो निबंध छापून यायला 1936 साल उजाडावे लागले! दरम्यान इतर वैद्यांच्या नोंदी साठत गेल्या, क्ष-किरणांनी छातीतल्या ग्रंथी दाखवल्या, आणि त्वचेचा म्हणून ओळखला गेलेला आजार छातीच्या डॉक्टरांच्या ताब्यात गेला.

अशा वेळी त्वचा पुन्हा पुढे आली ती स्वेन लोफग्रेन यांच्यामुळे. नडगीवर उठणाऱ्या लाल, दुखऱ्या गाठी, म्हणजे एरिथेमा नोडोसम, तेव्हा सहसा क्षयाच्या खाती टाकल्या जात. अशा गाठींसोबत फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंच्या ग्रंथी फुगल्या असतील तर तो बहुधा सार्कॉइडोसिस असतो आणि बहुतेकांचा आपोआप शमतो, हे लोफग्रेन यांनी 1940 च्या दशकापासून दाखवून दिले. यातली नवलाची बाब अशी की या गाठींची बायोप्सी केली तर सार्कॉइडोसिसची ओळख असलेला पेशींचा पुंजका, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तिथे नसतोच. शरीराच्या तीव्र प्रतिक्रियेची ती खूण. पुढे डीआरबी1*03 या एचएलए जनुकरूपाशी या सुलक्षणी रूपाचे नाते सापडले.

याच्या अगदी उलट ल्युपस पर्निओ. तो वर्षानुवर्षे टिकतो, व्रण सोडतो, नाकाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोहोचतो. त्याच्या जोडीला बोटांच्या हाडांत पोकळ्या आणि फुप्फुसांत जून, व्रणमय आजार आढळतो. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो. बोक यांचा 'सौम्य' हा शब्द इथे टिकत नाही. या दोन टोकांच्या मध्ये लहान पुटकुळ्या आहेत, चट्टे आहेत, जुन्या जखमेच्या व्रणात अचानक उगवणारे उंचवटे आहेत. त्यांवरून इतक्या ठामपणे भाकीत करता येत नाही. पुटकुळ्यांचे वळण बहुधा चांगले, जाड चट्ट्यांचे अधिक रेंगाळणारे, इतकेच.

आज सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत त्वचा बाधित असते. आपल्याकडे मात्र अशा चट्ट्यासमोर आधी कुष्ठरोग आणि क्षय उभे राहतात, कारण ग्रॅन्युलोमा दोन्हींत होतो. म्हणून चट्ट्यावरची संवेदना तपासली जाते, बायोप्सीत जिवाणूंचा शोध घेतला जातो. सार्कॉइडोसिस ठरला की छातीचा क्ष-किरण, डोळे आणि ईसीजी यांची पाळी येते. चट्टा नाकावर असेल तर रुग्णाला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडेही पाठवावे लागते, आणि स्टेरॉइड वा मेथोट्रेक्सेटला न जुमानणाऱ्या ल्युपस पर्निओसाठी इन्फ्लिक्सिमॅबचा विचार होतो.