मिशिगनचे लोकप्रतिनिधी : पदस्थ आणि प्रतिस्पर्धी

पदावर असलेला मनुष्य पद कसा सोडतो, आणि पदाबाहेरचा मनुष्य ते कसा मिळवितो, ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत कोणत्याही समाजाच्या सार्वजनिक जीवनाचे पुष्कळसे मर्म साठविलेले असते. राज्यांच्या इतिहासाला हे जितके लागू आहे, तितकेच लहानमोठ्या संस्थांच्या इतिहासालाही लागू आहे. आमच्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची मुले-मुली आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, आणि तेथील निवडणुकांच्या वार्ता आता आमच्या घराघरांत कुतूहलाने ऐकल्या जातात. म्हणून ह्या वर्षीच्या स्मरणिकेत अमेरिकेतील एका राज्याचा निवडणूक-इतिहास वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. ते राज्य मिशिगन होय. ह्या निवडीस एक विशेष कारण आहे. ते लेखाच्या उत्तरार्धात आपोआप स्पष्ट होईल.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत 'काँग्रेस' हे कोणत्या पक्षाचे नाव नसून तेथील केंद्रीय कायदेमंडळाचे नाव आहे. तिची दोन सभागृहे आहेत. प्रतिनिधिगृहाच्या सभासदाची मुदत अवघी दोन वर्षे, तर सिनेटरची सहा वर्षे. प्रत्येक राज्याला सिनेटर दोनच. प्रतिनिधी मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात. ह्यांखेरीज राज्यभरच्या मतदारांनी निवडावयाची काही पदे असतात. मिशिगनमध्ये गव्हर्नर व उपगव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट ही त्यांपैकी प्रमुख होत. ह्या शेवटच्या पदाचा परराष्ट्र व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही. मोटारींचे परवाने देणे आणि निवडणुका पार पाडणे हे त्याचे काम.

मिशिगनला राज्याचा दर्जा २६ जानेवारी १८३७ रोजी मिळाला. पुढे सतरा वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, ह्याच राज्यातील जॅक्सन गावी ओक वृक्षांच्या छायेत गुलामगिरीच्या विस्ताराचे विरोधक एकत्र जमले, आणि त्यांनी रिपब्लिकन ह्या नव्या पक्षाच्या नावाने आपले उमेदवार उभे केले. त्याच वर्षी त्यांचे किन्सले बिंगहॅम हे गव्हर्नर म्हणून निवडून आले. त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षे, थोडेसे अपवाद वगळता, राज्याची सूत्रे त्या पक्षाच्याच हाती राहिली. अशा काळात विरोधी पक्षाची उमेदवारी ही बहुधा नावापुरतीच असे. खरी चुरस सत्ताधारी पक्षाच्या घरातच चाले.

१९२९ नंतरच्या आर्थिक मंदीने ही घडी मोडली. डेट्रॉइटचे मोटारींचे कारखाने थंडावले, लाखो कामगार बेकार झाले, आणि १९३२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा गव्हर्नर निवडून आला. तेव्हापासून गव्हर्नरची खुर्ची म्हणजे जणू धर्मशाळेतील खोली झाली. त्या काळी मुदत दोनच वर्षांची असे. १९३६ मध्ये फ्रँक मर्फी ह्यांनी पदस्थ गव्हर्नर फ्रँक फिट्झेराल्ड ह्यांचा पराभव केला. मर्फी पदावर आले तेव्हा फ्लिंट गावच्या मोटार कारखान्यांत कामगारांचा प्रसिद्ध बैठा संप चालू होता. सैन्याच्या बळावर कारखाने रिकामे न करविता वाटाघाटींनी तो संप मिटविण्याचा मार्ग मर्फी ह्यांनी पत्करला. रक्तपात टळला, परंतु १९३८ च्या निवडणुकीत त्याच फिट्झेराल्ड ह्यांनी मर्फींना पदच्युत केले. विजयी फिट्झेराल्ड काही आठवड्यांतच, मार्च १९३९ मध्ये, निवर्तले. पराभूत मर्फी देशाचे अ‍ॅटर्नी जनरल आणि १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

ह्या अस्थैर्यास विराम दिला तो जी. मेनन विल्यम्स ह्यांनी. साबण व प्रसाधनांच्या धनाढ्य घराण्यातील म्हणून त्यांना लोक 'सोपी' म्हणत. १९४८ मध्ये त्यांनी पदस्थ गव्हर्नरास हरविले आणि लागोपाठ सहा निवडणुका जिंकून १९६१ च्या आरंभापर्यंत ते पदावर राहिले. १९५० चा त्यांचा विजय बाराशेहूनही कमी मतांचा होता, आणि फेरमोजणीअंती तो कायम झाला. एका राज्याचे बारा वर्षांचे राजकारण एखाद्या मोठ्या गावाच्या एका आळीतील मतांवर तोलले गेले होते, ही गोष्ट 'माझ्या एका मताने काय होणार?' असे म्हणणाऱ्यांनी अवश्य ध्यानात धरावी.

त्यांच्यानंतरचे जॉन स्वेनसन हे दुसऱ्या महायुद्धात दोन्ही पाय गमावलेले वीर होते. तथापि १९६२ मध्ये मोटार उद्योगातून आलेल्या जॉर्ज रॉम्नी ह्यांनी त्यांना एकाच मुदतीनंतर घरी बसविले. १९६३ मध्ये मतदारांनी नवी राज्यघटना संमत केली आणि १९६६ च्या निवडणुकीपासून गव्हर्नरची मुदत चार वर्षांची झाली. मुदत वाढताच पदस्थांचे पाय घट्ट रोवले गेले. विल्यम मिलिकन हे १९६९ पासून १९८३ पर्यंत गव्हर्नर राहिले. हा त्या राज्यातील उच्चांक होय. फ्रँक केली ह्यांनी तर १९६१ पासून १९९९ पर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, अ‍ॅटर्नी जनरलचे पद सांभाळले. लोक त्यांना विनोदाने 'चिरंतन जनरल' म्हणत. रिचर्ड ऑस्टिन हे कृष्णवर्णीय गृहस्थ १९७० मध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट निवडून आले आणि चोवीस वर्षे पदावर राहिले. मिशिगनच्या मतदारांनी त्या पदावर कृष्णवर्णीयास निवडून देण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात मिशिगनने दीर्घ पदस्थितीचा जो विक्रम केला, त्याला अखिल अमेरिकेत तोड नाही. जॉन डिंगेल हे १९३३ पासून डेट्रॉइटकडील एका मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. १९५५ मध्ये ते निवर्तल्यावर त्याच नावाचे त्यांचे पुत्र पोटनिवडणुकीत निवडून आले, तेव्हा त्यांचे वय २९ वर्षांचे होते. हे पुत्र जानेवारी २०१५ पर्यंत, म्हणजे ५९ वर्षांहून अधिक काळ, सभागृहात बसले. इतका दीर्घकाळ काँग्रेसमध्ये दुसरे कोणीही राहिलेले नाही. त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी डेबी डिंगेल निवडून आल्या. ह्याला घराणेशाही म्हणावे की सेवेची परंपरा? पिता डिंगेल ह्यांनी सर्व नागरिकांस वैद्यकीय विम्याचे संरक्षण मिळावे म्हणून १९४३ मध्ये विधेयक आणले होते. पुत्राने ते व्रत पुढे चालविले, आणि वृद्धांच्या वैद्यकीय विम्याचे विधेयक १९६५ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले त्या वेळी अध्यक्षस्थानी तेच होते. वारसाने केवळ आसनच घेतले असे येथे म्हणता येणार नाही. अंगीकृत कार्यही त्याने उचलले. तथापि प्रत्येक वारसदाराविषयी असे म्हणण्याची सोय नसते, हेही तितकेच खरे.

पदस्थांच्या ह्या चिवटपणाला कंटाळून मिशिगनच्या मतदारांनी १९९२ मध्ये लोकमताने मुदतबंदी आणली. गव्हर्नर आदी पदांना दोनच मुदती, राज्याच्या कनिष्ठ सभागृहाला तीन व वरिष्ठ सभागृहाला दोन, असा दंडक झाला. काँग्रेसच्या सभासदांनाही तो लावला होता. परंतु राज्यांना तसा अधिकार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आर्कान्सा राज्याच्या खटल्यात दिला, त्यामुळे तेवढा भाग निष्प्रभ झाला. राज्याच्या सभागृहांत मात्र कामकाजात मुरलेले लोक निघून गेले, आणि नवागतांना कायदेकानू समजेपर्यंत त्यांच्याही निरोपाची वेळ येऊ लागली. अखेर २०२२ मध्ये मतदारांनीच हा नियम सुधारला व दोन्ही सभागृहे मिळून एकूण बारा वर्षांची मर्यादा ठरविली. रोगाहून औषध जड होऊ नये, हे शहाणपण अनुभवाने आले.

पदस्थाला हलविणारी आणखी एक शक्ती म्हणजे मतदारसंघांची फेररचना. १९६० च्या जनगणनेनंतर मिशिगनला प्रतिनिधिगृहात १९ जागा होत्या. लोकसंख्येची वाढ इतर राज्यांच्या मानाने मंदावल्यामुळे त्या घटत घटत २०२० च्या जनगणनेनंतर १३ वर आल्या. जागा कमी झाल्या की एकाच पक्षाचे दोन पदस्थ एकाच मतदारसंघात समोरासमोर येतात. २००२ मध्ये वृद्ध डिंगेल ह्यांना लिन रिव्हर्स ह्या स्वपक्षीय सभासद भगिनीशी सामना द्यावा लागला, आणि ते विजयी झाले. २०२२ मध्ये हेली स्टीव्हन्स व अँडी लेव्हिन ह्यांच्यात तसाच प्रसंग येऊन स्टीव्हन्स निवडून आल्या. पूर्वी ह्या सीमा कायदेमंडळातील बहुमतवाला पक्ष आपल्या सोयीने आखी. २०१८ च्या लोकमताने ते काम तेरा नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे गेले. त्यात दोन्ही पक्षांचे चार-चार आणि कोणत्याही पक्षाचे नसलेले पाच नागरिक असतात.

आता आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याच्या भागाकडे वळू. डेट्रॉइटच्या कारखान्यांनी दक्षिणेकडील राज्यांतून लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबांना आकर्षून घेतले होते. १९५४ मध्ये चार्ल्स डिग्ज ह्यांनी पदस्थ प्रतिनिधीला स्वपक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरविले, आणि ते मिशिगनमधून काँग्रेसमध्ये गेलेले पहिले कृष्णवर्णीय ठरले. १९६४ मध्ये जॉन कॉन्यर्स निवडून आले. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या हत्येनंतर चारच दिवसांनी त्यांच्या जयंतीस राष्ट्रीय सुट्टी असावी असे विधेयक त्यांनी मांडले, आणि पंधरा वर्षांच्या चिकाटीनंतर १९८३ मध्ये त्याचा कायदा झाला. दोघांचाही शेवट मात्र गोड झाला नाही. डिग्ज गैरव्यवहाराच्या खटल्यात दोषी ठरून १९८० मध्ये पदमुक्त झाले. कॉन्यर्स ह्यांनी गैरवर्तनाच्या आरोपांनंतर डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा दिला. आसनाचा सहवास अतिदीर्घ झाला की थोरामोठ्यांचेही भान सुटते, ह्याची ही उदाहरणे आहेत.

ह्याच डेट्रॉइटमधून २०२२ मध्ये श्री. श्री ठाणेदार हे निवडून आले. त्यांचा जन्म १९५५ मध्ये चिकोडीचा, आणि बालपण बेळगावचे. रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी ते १९७९ मध्ये अमेरिकेस गेले, ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली, आणि पुढे प्रयोगशाळांच्या व्यवसायात ते चढले, पडले व पुन्हा उभे राहिले. त्यांचे मराठी आत्मकथन आमच्या अनेक वाचकांनी वाचलेही असेल. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने गव्हर्नरपदाची उमेदवारी केली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ते तिसरे आले, आणि ग्रेचेन व्हिटमर पुढे गव्हर्नर झाल्या. पराभवानंतर ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पायरी उतरून आरंभ केला. २०२० मध्ये राज्याच्या कनिष्ठ सभागृहात, २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये, आणि २०२४ मध्ये पदस्थ म्हणून पुन्हा काँग्रेसमध्ये ते निवडून आले.

ह्या यशाचा आम्हांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहास लिहिताना नाण्याची दुसरी बाजू झाकणे योग्य नव्हे. २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते. तेथे सर्वाधिक मते मिळविणारा विजयी होतो, निम्म्याहून अधिक मतांची अट नाही. म्हणून मते विभागली जाऊन ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर विजयी झाले. परिणामी, बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या ह्या महानगराला जानेवारी २०२३ पासून, १९५५ नंतर प्रथमच, काँग्रेसमध्ये आपल्या समाजाचा एकही प्रतिनिधी उरला नाही. तेथील अनेक पुढाऱ्यांनी ह्याविषयी जाहीर खंत व्यक्त केली. त्यांच्या खंतीला मत्सर म्हणून सोडून देणे आम्हांस उचित वाटत नाही. 'आपला माणूस सभागृहात असावा' ही जी भावना ज्ञातिसंस्थांच्या मुळाशी आहे, तीच भावना तेथेही होती. आणि तिच्यामागे गुलामगिरीचा व मताधिकारासाठी केलेल्या झगड्याचा इतिहास उभा होता.

मग प्रतिनिधी कोणाचा? जन्माने ज्यांच्यात तो मोजला जातो त्यांचा, की मतांनी ज्यांनी त्याला धाडले त्यांचा? आमच्या मते दुसरे उत्तरच टिकणारे आहे. ठाणेदार ह्यांना निवडून देणाऱ्यांत मराठी मते नगण्यच होती. ते आमचे आहेत ते भाषेने व स्मृतीने. परंतु त्यांच्या आसनावर पहिला हक्क डेट्रॉइटच्या रहिवाशांचा आहे, आणि त्यांची योग्यता ठरेल तीही त्या रहिवाशांच्या शाळा, पाणी, घरे व रोजगार ह्यांसाठी झालेल्या कामावरूनच. आम्ही दूर बसून अभिमान बाळगावा. हक्क सांगू नये.

हाच न्याय घराकडेही लावता येतो. ज्ञातिसंस्थेचे कार्यकारी मंडळ निवडताना आम्ही कित्येकदा वर्षानुवर्षे तीच नावे बिनविरोध मंजूर करतो आणि त्यालाच ऐक्य समजतो. कधी उलट, जुने म्हणूनच जुन्यांना दूर सारतो. मिशिगनचा इतिहास ह्या दोन्ही टोकांपासून सावध करतो. पदस्थाने कार्याचा हिशेब द्यावा, प्रतिस्पर्ध्याने लहान पदाची लाज बाळगू नये, पराभूताने घर धरून बसू नये, आणि मतदाराने सभेस उपस्थित राहावे. बाराशेहून कमी मतांनी जेथे बारा वर्षांचे राजकारण ठरले, तेथे एकेका उपस्थितीचे मोल काय, हे सुज्ञ वाचकांस वेगळे सांगणे नलगे.