आठ पायांची चिप आणि तळहातावरचा खेळ

बडोद्याच्या जुन्या शहरातील घडियाळी पोळ अंबामातेच्या मंदिरासाठी आणि तेथील पुरुषांच्या गरब्यासाठी ओळखली जाते. पोळ म्हणजे एका वेशीतून आत शिरणारी, भिंतीला भिंत लागलेल्या घरांची वस्ती. अशा घरात कार्यशाळेसाठी वेगळी खोली मिळणे कठीण. येथे वर्णिलेल्या हातखेळयंत्राला ती लागतही नाही. जेवणाचे ताट मावेल एवढी जागा, डाख देण्याची इस्त्री आणि सुमारे पाचशे रुपयांचे साहित्य पुरते.

हातात धरून खेळण्याच्या यंत्रांचा इतिहास फार जुना नाही. अदलाबदल करता येणारे खेळ असलेले ‘मायक्रोव्हिजन’ हे पहिले हातयंत्र १९७९ साली अमेरिकेत आले. त्याचा पडदा अवघ्या १६ गुणिले १६ ठिपक्यांचा होता. पुढच्याच वर्षी जपानच्या निन्टेंडो कंपनीसाठी गुनपेई योकोई यांनी ‘गेम अँड वॉच’ घडवले. खेळासोबत वेळही दाखवणारे ते यंत्र घडियाळी पोळीच्या नावाला साजेसे म्हणावे लागेल. घरगुती बांधणीला अलीकडे चालना दिली ती केविन बेट्स यांच्या ‘आर्डुबॉय’ने. व्यवसायपत्रिकेएवढ्या आकाराच्या त्या यंत्राची आज्ञावली सर्वांसाठी खुली आहे.

स्वस्त बांधणीसाठी ‘एटीटायनी८५’ हा सूक्ष्मनियंत्रक सोयीचा. त्याला आठ पाय असतात. दोन विजेसाठी, एक पुनरारंभासाठी, उरले पाच. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा छोटा ओएलईडी पडदा दोन तारांवर चालतो. उरलेल्या तीन पायांवर डावी, उजवी आणि गोळीची कळ बसते. आवाज हवा असेल तर वेगवेगळ्या रोधकांच्या साहाय्याने तिन्ही कळा एकाच पायावर आणाव्या लागतात. मग चिप विद्युतदाब मोजून कोणती कळ दाबली ते ओळखते. कळांसाठीचे रोधक चिपच्या पोटातच असल्याने साध्या जोडणीत ते बाहेरून लावावे लागत नाहीत. विजेच्या दोन पायांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा धारक मात्र अवश्य लावावा. तो नसेल तर यंत्र मध्येच नव्याने सुरू होऊ शकते आणि दोष आज्ञावलीत शोधण्यात संध्याकाळ जाते.

खरी मौज स्मृतीच्या हिशेबात आहे. पडद्यावर ८,१९२ ठिपके. एका बाइटमध्ये आठ याप्रमाणे संपूर्ण चित्राला १,०२४ बाइट लागतात. चिपची कार्यस्मृती मात्र ५१२ बाइटच. चित्र तिच्यात मावतच नाही! मग उपाय काय? पडदा आडव्या आठ पट्ट्यांचा असतो. चिप चेंडू आणि फळी यांची केवळ स्थाने लक्षात ठेवते, प्रत्येक पट्टीत त्यांचा कोणता भाग येतो ते त्या क्षणी काढते आणि बाइट थेट पडद्याकडे पाठवून विसरून जाते. रांगोळी घालणारी बाई संपूर्ण नक्षी डोळ्यांपुढे धरत नाही, नियम लक्षात ठेवून ओळीमागून ओळ पुरी करते, तसेच हे. गिगाबाइटच्या भ्रमणध्वनीवर वाढलेल्या मुलाला चित्र ही साठवण्याची नव्हे, तर हिशेबाने काढण्याचीही गोष्ट असू शकते, हे इथे प्रथम उमगते. हे यंत्र विकत न घेता बांधावे, असे वाटण्याचे कारण हेच.

आज्ञावली उतरवण्यासाठी आर्डुइनो उनो फलक मध्यस्थ म्हणून वापरता येतो. नवी चिप १ मेगाहर्ट्झ गतीने चालते; खेळासाठी ती ८ मेगाहर्ट्झवर न्यावी. कळ दाबताना धातूचे पाते क्षणभर थरथरते आणि एका दाबाचे अनेक दाब मोजले जातात, म्हणून सुमारे २० मिलिसेकंद थांबून पुन्हा तपासावे. सर्वोच्च गुणसंख्या कायम स्मृतीत लिहावी, पण खेळ संपल्यावरच. त्या स्मृतीचे लेखनआयुष्य सुमारे एक लाख वेळांचे असते.

बडोद्यातच १८९० साली सयाजीराव गायकवाड यांनी कलाभवन सुरू केले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून देण्याचे आग्रही पुरस्कर्ते होते. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. आज गोव्यात ‘केअर्स’ योजनेतून शाळकरी मुलांपर्यंत कोडिंग आणि रोबोटिक्स पोहोचत आहे, परंतु चिपचे माहितीपत्रक इंग्रजीतच असते. मराठीतून शिकणारा विद्यार्थी डाख देताना अडत नाही, तो त्या पत्रकाच्या पहिल्या पानावर अडतो. शिक्षकाने पायांची आकृती आणि वरचा स्मृतीचा हिशेब फळ्यावर मराठीत मांडला, तर निम्मे काम तेथेच होते.

वीजपुरवठ्याबाबत मात्र हयगय नको. तीन व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी आकाराने सोयीची, पण पडदा पूर्ण उजळला तर तिला भार पेलत नाही. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर मोजकेच ठिपके पेटवावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लहान मुलाने ही बॅटरी गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही तेथे गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. तत्काळ रुग्णालय गाठावे. घरात लहान मूल असल्यास दोन ‘ट्रिपल ए’ सेल वापरावेत. नाणेबॅटरीच वापरायची असेल, तर तिचे झाकण स्क्रूने घट्ट बंद होणारेच हवे.