तांड्यावरचा टेपरेकॉर्डर

पुण्यात 27 जानेवारी 1984 ला बालचित्रवाणी ही मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी सरकारी संस्था सुरू झाली. इन्सॅट उपग्रहाच्या भरवशावर खेड्यापाड्यांतल्या पोरांपर्यंत विज्ञान न्यायचं, हा बेत. आमची हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. आमचा जिल्हा वेगळा झाला 1 मे 1999 ला. मी सेनगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावर गुरुजी होतो.

1987 नंतर केंद्राच्या शैक्षणिक तंत्रज्ञान योजनेतून प्राथमिक शाळांना रेडिओ-टेपरेकॉर्डर आणि उच्च प्राथमिक शाळांना रंगीत टीव्ही मिळू लागले. आमची शाळा चौथीपर्यंतची, म्हणून आम्हाला टेप. पाण्याची वाफ होताना पडद्यावर बघायचा मान मोठ्या गावातल्या पोरांना, तोही वीज असली तर. हे मला तेव्हा टोचलं, आजही टोचतं.

खरी अडचण मात्र भाषेची. पहिलीतली पोरं घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलायची. रेडिओवरची पुस्तकी मराठी सुरू झाली की ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. मग मी शालेय कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घ्यायला लागलो. दोन वाक्यं झाली की टेप बंद. चौथीतली एखादी पोरगी तेच गोरमाटीत सांगायची, शब्द फळ्यावर यायचा, मग पुढं. पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाला सकाळ जायची, पण पोरं बोलायची, भांडायची, वाचायची. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला निघाले की अर्धा वर्ग त्यांच्यासोबत जायचा. त्या पोरांमागं फडावर काहीच पोचलं नाही.

केंद्राचा निधी थांबला आणि 2017 साली सरकारनं बालचित्रवाणीला कुलूप लावलं. ती चूकच होती. तीनच वर्षांत करोना आला, शाळा बंद पडल्या. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ लागू लागली. पहिली ते आठवीसाठीची ही मालिका घर-अंगणातल्या वस्तूंतून शिकवायची, छान होती. पण हे काम करायला उभी केलेली सरकारची स्वतःची संस्था ऐन गरजेला नव्हती.

आता आमच्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला लायगो वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या. एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं त्यासाठी 2,600 कोटी मंजूर केले. वेधशाळेला आणि परभणी आकाशवाणीला माझी विनंती आहे: हे यंत्र काय टिपणार, ते औंढा-कळमनुरीच्या लहान पोरांना मराठीत आणि गोरमाटीत सांगणारी मालिका आत्ताच सुरू करा. आणि ती मोबाइलवरही ठेवा, म्हणजे ऊसतोडीच्या कोपीवर बसलेल्या पोराला ऐकता येईल.