लाल गोळीचं माहेर

साकोली तालुक्यातलं एकोडी असो की भंडारा जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव, आशाताई गरोदर बाईच्या हाती जी लाल गोळी देते तिला सगळेच ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. बाळंत झाल्यावर पुन्हा तितकेच दिवस. लिंबूपाण्यासोबत घ्यायची, चहासोबत नाही. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. हे सगळं आता घरोघरच्या सासवांनाही पाठ आहे. गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, म्हणजे लोहाच्या एकशेविसाव्या हिश्श्याएवढं. हा इवलासा हिस्सा आला कुठून, याची गोष्ट मुंबईची आहे. महाराष्ट्रात ती फारशी सांगितली जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

लोहाचं कूळ फार जुनं. आपल्याकडे पांडुरोगावर वैद्य मंडूर देत आले. मंडूर म्हणजे लोखंडाची जुनी, शुद्ध केलेली मळी. अठराव्या शतकात इटलीच्या मेंघिनी यांनी रक्त जाळून उरलेल्या राखेतले कण चुंबकाला चिकटतात हे दाखवलं. 1832 मध्ये फ्रान्सच्या पिएर ब्लो यांनी लोहाची गोळी तयार केली आणि पुढे शंभर वर्षं ती जगभर चालली. तेवढ्याने भागलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण काही बायांचं रक्त लोह देऊनही वाढत नव्हतं.

1928 साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. भारतीय स्त्रिया बाळंतपणात इतक्या का मरतात याचा शोध डॉ. मार्गारेट बाल्फोर घेत होत्या. त्यांनीच विल्सबाईंना बोलावलं होतं. काम परळच्या हाफकिन संस्थेत, म्हणजे ऐन गिरणगावात. समोर होत्या गिरण्यांत राबणाऱ्या आणि इतर गरीब कुटुंबांतल्या गरोदर स्त्रिया. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या दिसत, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. लोह कमी पडलं की पेशी लहान आणि फिकट होते. इथं उलटंच दिसत होतं. विल्सबाईंनी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग या बायांच्या ताटात काय असतं ते पाहिलं. फळं, भाज्या आणि प्रथिनं जवळजवळ नव्हतीच.

तोच आहार त्यांनी उंदरांना दिला. उंदरांचं रक्त घटलं, पण उवांमुळे पसरणाऱ्या एका जंतूने निष्कर्षात घोळ घातला. म्हणून त्या माकडांकडे वळल्या. आजारी पडलेल्या एका माकडाला मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, दिला आणि ते झपाट्याने सावरलं. पुढे तोच अर्क गरोदर बायांना दिल्यावर त्यांचंही रक्त वाढू लागलं. 1931 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे प्रसिद्ध झालं. नंतर असंही दिसलं की दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या आजारावर चालत नाही. म्हणजे यीस्टमधलं द्रव्य वेगळंच होतं. त्याला नाव नव्हतं, म्हणून लोक ‘विल्स घटक’ म्हणू लागले. 1941 मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं. 1945 मध्ये लेडर्ले कंपनीत ते कृत्रिमरीत्या तयार झालं. तिथले संशोधनप्रमुख होते भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. आणि 1970 पासून सरकारी कार्यक्रमातून लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र गावोगाव पोचू लागलं.

हे द्रव्य शरीरात नेमकं करतं काय? मोठ्या माणसाच्या मणक्यांत, बरगड्यांत, कमरेच्या हाडांत लाल मज्जा असते. तिथं दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात. रक्तातला ऑक्सिजन कमी पडतोय हे मूत्रपिंडांना कळतं. ती एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि मज्जा वेग वाढवते. सुमारे आठवडाभरात एक पूर्वज पेशी चार-पाच वेळा दुभंगते, हिमोग्लोबिनने भरते, शेवटी आपलं केंद्रक बाहेर टाकते आणि रक्तात उतरते. प्रत्येक वेळी दुभंगताना डीएनएची नवी प्रत काढावी लागते आणि त्यासाठी फॉलिक ॲसिड लागतं. ते नसलं तर पेशीचं अंग वाढत राहतं, केंद्रक मात्र अडून बसतं. बऱ्याच पेशी मज्जेतच मरतात आणि ज्या बाहेर येतात त्या थोड्या आणि मोठ्या. विल्सबाईंनी पाहिल्या त्या याच. गरोदरपणात लोह आणि फॉलिक ॲसिड दोन्ही कमी पडू शकतात. एकाने पेशी लहान होते, दुसऱ्याने मोठी, आणि एकीखाली दुसरी झाकली जाते. दोन्ही एकाच गोळीत घालण्यात म्हणूनच शहाणपण आहे.

भंडाऱ्यात या गोष्टीला आणखी एक फाटा फुटतो. पूर्व विदर्भात अनेक समाजांत सिकलसेल आहे. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या या आजाराविषयी 1958 मध्येच लिहिलं होतं. निरोगी तांबडी पेशी 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते आणि दहा-वीस दिवसांत फुटते. तूट भरून काढायला मज्जा कित्येक पट वेगाने, रात्रंदिवस राबते. अशा वेळी पार्व्होव्हायरस नावाचा विषाणू शिरला तर तो मज्जेतल्या कोवळ्या तांबड्या पेशींवरच घाला घालतो आणि आठवडाभर काम थांबतं. निरोगी मुलाच्या हे लक्षातही येत नाही. त्याच्याकडे 120 दिवसांची शिल्लक असते. सिकलसेलच्या मुलाचं हिमोग्लोबिन मात्र काही दिवसांत धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येतं आणि त्याला तातडीने रक्त द्यावं लागतं. ताप आलेलं, एकाएकी पांढरं पडलेलं असं मूल घरी ठेवू नये, लगेच दवाखान्यात न्यावं, हे आईबापांना कळकळीने सांगायला हवं.

इतक्या वेगाने राबणाऱ्या मज्जेत फॉलिक ॲसिड भराभर खर्च होतं. लोहाचं तसं नाही. फुटलेल्या पेशींतलं बरंचसं लोह शरीर पुन्हा वापरतं आणि बाहेरून रक्त दिलं की प्रत्येक बाटलीसोबत आणखी लोह येतं. ते यकृतात आणि हृदयात साचलं तर घात करतं. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून सरसकट लाल गोळी देऊ नये. तपासणीत लोहाची कमतरता दिसली तरच लोह द्यायचं असतं. तो रोज घेतो ती नुसत्या फॉलिक ॲसिडची गोळी, त्यात लोहाचा कणही नसतो.